तुम्ही विचारलंत म्हणून: विमान आवाजाच्या पुढे गेलं का?

थंडीच्या दिवसांत अमेरिकेहून परतणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास असतो. ‘न्यूयॉर्कहून लंडनला येताना समोरच्या पडद्यावर ताशी १,२५० किलोमीटर दिसत होते. आवाजाचा वेग १,२२५ असतो असं शाळेत शिकलो. म्हणजे आमचं विमान सुपरसॉनिक झालं का? झालं नसेल तर साडेपाच तासांत पोचलो कसे, आणि जाताना त्याच अंतराला आठ तास का लागले?’

नाही, विमान आवाजाच्या पुढे गेलं नाही. ते रोजच्याच वेगाने उडत होतं, कदाचित रोजच्यापेक्षा किंचित हळूच. पण एवढ्या उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही, आणि होऊही नये, कारण खरी गंमत त्याच्या पुढे आहे.

आधी विक्रमाची रात्र घेऊ. ८ फेब्रुवारी २०२० ला संध्याकाळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७-४०० न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून उडालं आणि ४ तास ५६ मिनिटांनी लंडनच्या हीथ्रोवर उतरलं. वाटेत त्याचा जमिनीवरून मोजलेला कमाल वेग ताशी १,३२७ किलोमीटर होता. त्याच रात्री त्याच दोन शहरांदरम्यान व्हर्जिन अटलांटिकच्या एअरबस ए३५० ला ४ तास ५७ मिनिटं लागली, म्हणजे फक्त एक मिनिट जास्त. त्याआधीचा विक्रम जानेवारी २०१८ मधला, नॉर्वेजियन कंपनीच्या बोइंग ७८७ चा, जेएफके ते गॅटविक ५ तास १३ मिनिटांचा. आवाजापेक्षा कमी वेगाने उडणाऱ्या प्रवासी विमानांचे हे आकडे आहेत. कॉन्कॉर्डची गोष्ट वेगळी. ७ फेब्रुवारी १९९६ ला तिने हेच अंतर २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापलं होतं. ती खरोखरच आवाजाच्या दुप्पट वेगाने उडायची.

या सगळ्या तारखा हिवाळ्यातल्या आहेत, हे लक्षात ठेवा.

आता वेगाचं कोडं. खाडीला ओहोटी लागली की समुद्राकडे निघालेली होडी सुसाट जाते. वल्हवणारा काही जास्त जोर लावत नाही. पाण्यावर होडीचा वेग नेहमीचाच असतो, पण खालचं पाणीच समुद्राकडे धावत असतं. काठावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र होडी दुप्पट वेगाने गेलेली दिसते. विमानाचंही तसंच. पंखांना आणि इंजिनांना फक्त भोवतालची हवा कळते. त्या हवेच्या तुलनेत विमान किती वेगाने चाललंय तो एअरस्पीड. जमिनीवरून किती वेगाने सरकतंय तो ग्राउंड स्पीड. पडद्यावर तुम्हाला दिसतो तो ग्राउंड स्पीड.

दुसरी गफलत आवाजाच्या वेगाची. १,२२५ हा आकडा समुद्रसपाटीवरचा, १५ अंश तापमानाचा आहे. आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. ३५-३६ हजार फुटांवर बाहेर उणे ५५ अंश असतील तर तो ताशी १,०६६ किलोमीटरवर येतो. लांब पल्ल्याची मोठी विमानं साधारण मॅक ०.८५ ने उडतात, म्हणजे तिथल्या आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्के. गुणाकार केला की ९०६ मिळतात. त्या रात्रीच्या १,३२७ मधून ९०६ वजा करा. ४०० च्या वर जे उरतं, तो जवळजवळ सगळा मागून ढकलणारा वारा. मॅक किंचित कमी-जास्त धरला तरी वारा ४०० च्या आसपासच निघतो.

आणि विमानाचा आवाजही त्याच हवेतून जातो. हवा ताशी ४०० ने पूर्वेकडे धावत असेल, तर पुढे जाणारा आवाज जमिनीच्या हिशेबाने १,४६० च्या पुढे पळत असतो. विमान त्याच्या मागेच राहतं. म्हणून सॉनिक बूम, म्हणजे आवाजाचा वेग ओलांडल्यावर होणारा धमाका, झाला नाही, पंखांवर जास्तीचा ताण आला नाही, आणि आत बसलेल्यांना काही वेगळं जाणवायचंही कारण नव्हतं.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. तो का असतो हे नीट समजून घेण्यासारखं आहे. गरम हवा फुगते, थंड हवा आकसते. दक्षिणेकडच्या उबदार हवेचा स्तंभ उत्तरेकडच्या थंड हवेच्या स्तंभापेक्षा उंच असतो. विमानं ज्या ३४ हजार फुटांच्या पातळीला उडतात तिथे हवेचा दाब साधारण २५० हेक्टोपास्कल असतो. पण हाच दाब उबदार बाजूला कित्येकशे मीटर जास्त उंचीवर सापडतो आणि थंड बाजूला तेवढाच खाली. म्हणजे वर हवेला उत्तरेकडे उतार मिळतो. हवा त्या उतारावरून उत्तरेकडे घसरू लागते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळते, आणि शेवटी उताराला आडवी, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहू लागते. उतार जितका तीव्र, वारा तितका जोरदार. हिवाळ्यात कॅनडावरून गोठलेली हवा खाली उतरते आणि तिच्या शेजारीच गल्फ स्ट्रीमचं ऊबदार पाणी असतं. एवढा मोठा तापमानाचा फरक इतक्या थोड्या अंतरात क्वचितच कुठे मिळतो. म्हणून अमेरिकेचा पूर्व किनारा आणि उत्तर अटलांटिक ही विक्रमांची जागा.

२०२० च्या त्या रात्री खाली सियारा नावाचं वादळ ब्रिटनकडे सरकत होतं. वादळामुळे जेट आला असं बरेच जण समजतात. खरं तर दोघं एकमेकांना पोसतात. जोरदार जेटच्या पुढच्या टोकाला, डाव्या अंगाला, वरची हवा पसरते, त्यामुळे खालून हवा वर ओढली जाते आणि वादळ खोल होत जातं. वादळ मग उबदार हवा उत्तरेला आणि थंड हवा दक्षिणेला रेटून जेटखालचा तापमानाचा फरक आणखी तीव्र करतं.

जेट म्हणजे आकाशभर पसरलेला वारा नव्हे. लांबी हजारो किलोमीटर, रुंदी काहीशे आणि जाडी काही किलोमीटर, असा तो पट्टा असतो. त्याचा गाभा आणखी अरुंद. शंभर-दीडशे किलोमीटर बाजूला सरकलात की वारा बराच पडतो. म्हणून तो सापडावा लागतो, आणि तो शोधणं हे जमिनीवर बसलेल्या माणसांचं काम आहे. विक्रमाच्या बातमीत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे काम उड्डाणाच्या काही तास आधी सुरू होतं. जगभरच्या विमानांसाठी वरच्या वाऱ्यांचे अंदाज लंडन आणि वॉशिंग्टन या नावाच्या दोन जागतिक केंद्रांतून येतात, दिवसातून चार वेळा. कंपनीचा डिस्पॅचर, म्हणजे जमिनीवरून उड्डाणाची आखणी करणारा माणूस, ते अंदाज संगणकाच्या प्रणालीत घेतो आणि प्रणाली सगळ्यांत कमी वेळाचा किंवा सगळ्यांत कमी खर्चाचा मार्ग काढते. जेएफके ते हीथ्रो सरळ अंतर साधारण ५,५४० किलोमीटर आहे. समजा त्या सरळ वाटेवर सरासरी ६० किलोमीटरचाच मागचा वारा मिळतोय, आणि थोडं दक्षिणेला वाकून ५,८०० किलोमीटरची वाट धरली तर १५० चा मिळतोय. ९०० च्या एअरस्पीडने पहिल्या वाटेला ५ तास ४६ मिनिटं लागतील, दुसरीला ५ तास ३१. वाट २६० किलोमीटरने लांबली आणि वेळ पाव तासाने वाचला. नकाशावर विमानाची रेघ वाकडी दिसली की ‘हे लोक एवढ्या लांबून का नेतात’ असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे.

पण हा मार्ग एकट्याला हवा असतो असं नाही. युरोपात सकाळी पोचायचं म्हणून अमेरिकेहून निघणारी शेकडो विमानं रात्री एकाच सुमाराला अटलांटिक ओलांडतात, आणि सगळ्यांनाच तोच वारा हवा असतो. महासागराच्या मध्यावर जमिनीवरचं रडार पोचत नाही. म्हणून रोज तिथे समांतर वाटा आखल्या जातात. पूर्वेकडे येणाऱ्या वाटा न्यूफाउंडलंडमधलं गँडर केंद्र ठरवतं आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटा ब्रिटन-आयर्लंडच्या बाजूचं शॅनविक केंद्र. पश्चिमेकडच्या वाटांना ए, बी, सी अशी नावं पडतात, पूर्वेकडच्यांना झेडपासून उलट. जेट जिथे, तिथे पूर्वेच्या वाटा. पश्चिमेच्या वाटा त्याच्यापासून शक्य तितक्या लांब, कधी कधी पार ग्रीनलंडच्या बाजूला. वारा रोज हलतो, म्हणून या वाटाही रोज नव्या.

एका वाटेवर एकामागोमाग विमानं सोडायची तर त्यांच्यातलं अंतर टिकायला हवं. त्यासाठी प्रत्येकाला एक मॅक आकडा नेमून देण्याची पद्धत आहे. वारा सगळ्यांना जवळपास सारखाच ढकलतो, त्यामुळे मॅक सारखा ठेवला की अंतर टिकतं. मनात आलं म्हणून वेग वाढवून पुढच्याला गाठता येत नाही. २०१९ पासून उपग्रहांवरून विमानांची जागा थेट कळू लागली, तेव्हापासून या बाबतीत बरीच मोकळीक आली आहे. एक बारकी पण सुंदर गोष्ट अशी की उपग्रहांच्या आधाराने विमानं इतकी अचूक उडतात की सगळी वाटेच्या अगदी मधोमध, एकाच्या वर एक येतात. वरच्या विमानाच्या पंखांमागे उठलेले भोवरे हळूहळू खाली बसतात आणि खालच्याला हिसके देतात. म्हणून वैमानिक मुद्दाम वाटेच्या एक-दोन नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर) उजवीकडे सरकून उडतात.

सुरुवातीला ‘कदाचित रोजच्यापेक्षा किंचित हळूच’ असं म्हटलं, त्याचा खुलासा करतो. विमानाच्या संगणकाला एक आकडा भरून दिलेला असतो, कॉस्ट इंडेक्स. इंधनाच्या तुलनेत वेळेची किंमत किती, हे त्यातून संगणकाला कळतं. आकडा तोच ठेवला आणि समोरून वारा आला, तर संगणक वेग थोडा वाढवतो, कारण विरुद्ध वाऱ्यात जितका जास्त वेळ राहाल तितकं नुकसान. मागून वारा आला तर वेग थोडा कमी करतो, कारण वारा फुकटात पुढे नेतोय, त्यात इंधन कशाला जाळायचं? विक्रम करायचा म्हणून कुणी थ्रॉटल पुढे सारत नाही. त्या रात्री कोणत्या विमानाने नेमका किती मॅक ठेवला हा वेगळा प्रश्न. पण इतका वारा मागे असताना घाई करण्यासारखं काहीच नव्हतं, हे नक्की.

इंधनाच्या बाबतीत मात्र त्या दोन विमानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चार इंजिनांचं ७४७-४०० तासाला साधारण १० टन इंधन खातं. दोन इंजिनांचं ए३५० त्याहून खूपच कमी. एक मिनिट उशिरा पोचलेलं ए३५० मला जास्त मोठी कामगिरी वाटते. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटिश एअरवेजने आपली सगळी ७४७ निवृत्त करत असल्याचं जाहीर केलं. महामारी हे तेव्हाचं कारण होतं, पण इंधनाचा हिशेब त्याआधीच त्यांच्या विरोधात गेला होता.

आता परतीचं गणित. बहुतेकांना वाटतं की येताना वाऱ्याने वाचवलेला वेळ आणि जाताना खाल्लेला वेळ यांची फिट्टंफाट होते. होत नाही. एअरस्पीड ९००, वारा १५०, अंतर ५,५४० धरा. येताना १,०५० च्या वेगाने ५ तास १७ मिनिटं. जाताना ७५० च्या वेगाने ७ तास २३ मिनिटं. एकूण १२ तास ४० मिनिटं. वारा अजिबात नसता तर दोन्ही मिळून १२ तास १९ मिनिटं लागली असती. म्हणजे वाऱ्यामुळे फेरीमागे २१ मिनिटं गेलीच. कारण साधं आहे. अनुकूल वाऱ्यात विमान थोडा वेळ असतं, प्रतिकूल वाऱ्यात जास्त वेळ. पश्चिमेच्या वाटा जेटला टाळून जातात म्हणून प्रत्यक्षात तोटा कमी होतो, पण पूर्ण भरून निघत नाही.

हा फरक जेट विमानांच्या पहिल्या दिवसापासूनचा आहे. ४ ऑक्टोबर १९५८ ला बीओएसी कंपनीच्या कॉमेट ४ विमानांनी अटलांटिकवरची पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली. लंडनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाला गँडरला इंधनासाठी थांबून १० तास २२ मिनिटं लागली. न्यूयॉर्कहून लंडनला येणारं ६ तास ११ मिनिटांत पोचलं. आणि डिसेंबर २०११ मध्ये, म्हणजे अर्धशतक उलटून गेल्यावरही, युरोपातून अमेरिकेला जाणारी बरीच बोइंग ७५७ विमानं समोरच्या वाऱ्यामुळे इंधन पुरेना म्हणून मध्येच कॅनडात वगैरे उतरवावी लागली होती. ७५७ हे विमान त्या पल्ल्याच्या अगदी कडेवर वापरलं जात होतं. नेहमीपेक्षा जोरदार वारा महिनाभर टिकला आणि ती कड ओलांडली गेली.

अंदाज चुकला तर काय होतं, तेही दोन्ही दिशांना सारखं नाही. वरच्याच उदाहरणात वारा २० किलोमीटरने प्रतिकूल निघाला असं धरा. येताना ६ मिनिटं जास्त लागतील, जाताना १२. ७४७ च्या हिशेबात १२ मिनिटं म्हणजे दोन टन इंधन. यासाठीच प्रवासाच्या इंधनावर साधारण ५ टक्के जादा धरतात, शिवाय पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं, ज्याला एरवी हात लावायचा नसतो.

मागच्या वाऱ्याची आणखी एक बाजू प्रवाशांना सहसा माहीत नसते. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन समुद्रावर बंद पडलं तर मागे फिरायचं की पुढे जायचं, हे आधीच ठरलेलं असतं. दोन्हीकडे जायला सारखाच वेळ लागेल असा एक बिंदू योजनेत लिहिलेला असतो. तो भौगोलिक मध्यावर नसतो. गँडर ते आयर्लंडचं शॅनन साधारण ३,२०० किलोमीटर धरू. एका इंजिनावर खालच्या उंचीवर एअरस्पीड ८०० आणि मागचा वारा २००, म्हणजे पुढे जाताना १,०००, मागे फिरताना ६००. समान वेळेचा बिंदू गँडरपासून १,२०० किलोमीटरवर येतो, मध्यावरच्या १,६०० वर नाही. म्हणजे निम्मा समुद्र ओलांडण्याच्या ४०० किलोमीटर आधीच ‘आता शॅनन जवळ’ असं ठरतं. अंतराने गँडर जवळ असतं, वेळेने शॅनन.

मग हेलकावे. जेटच्या गाभ्यात बहुधा विमान शांत असतं. त्रास होतो तो कडेला, विशेषतः उत्तरेकडच्या थंड बाजूला आणि गाभ्याच्या वर-खाली, कारण तिथे थोड्या अंतरात वारा झपाट्याने बदलतो. हवेचे थर एकमेकांवर घासतात, लाटा उठतात आणि फुटतात. ढग नसतात, म्हणून डोळ्यांना दिसत नाही, आणि विमानाचं हवामान रडार पाण्याचे थेंब शोधतं, त्यामुळे त्यालाही दिसत नाही. उड्डाणाच्या कागदांत प्रत्येक टप्प्याला उंचीनुसार वारा किती बदलतो याचा आकडा छापलेला असतो. दर १,००० फुटांना ५-६ नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) बदल दिसला की वैमानिक सावध होतात. बाकी भरवसा पुढे गेलेल्या विमानांच्या निरोपांवर. सीटबेल्टचा दिवा बंद असला तरी बसल्या जागी पट्टा सैलसर बांधूनच ठेवा, असं ते सांगतात त्यामागे हेच कारण आहे.

कडेवर अजून एक अडचण येते. विमान जड असतं, वाऱ्याचा बदल त्याला लगेच आपलासा करता येत नाही. मागचा वारा एकदम पडला तर जमिनीवरचा वेग काही क्षण तसाच राहतो आणि एअरस्पीड तेवढाच उसळतो. ७४७ ची कमाल मर्यादा मॅक ०.९२, ए३५० ची ०.८९. ०.८५ ने उडताना वर फारशी जागा नसते, म्हणून वेगमर्यादेचा इशारा वाजू शकतो. उलट मागचा वारा अचानक वाढला तर एअरस्पीड घसरतो. हवा खवळलेली असेल तर वैमानिक वेग थोडा कमी करून मधल्या सुरक्षित पट्ट्यात आणतात.

रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं की उत्तर अटलांटिकवरच्या जेटमध्ये उंचीनुसार होणारा वाऱ्याचा बदल १९७९ पासून १५ टक्क्यांनी वाढला आहे. त्याच विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात अटलांटिकवरचे निरभ्र हवेतले तीव्र हेलकावे १९७९ ते २०२० दरम्यान ५५ टक्क्यांनी वाढल्याचं निघालं. वेगाचे विक्रम मोठ्या मथळ्यांत छापणाऱ्यांनी हे आकडेही शेजारी छापावेत असं मला वाटतं. वारा तोच आहे.

उतरताना मागचा वारा पुन्हा हिशेबात घ्यावा लागतो. ३६ हजार फुटांवरून खाली यायला २५ मिनिटं लागतात असं धरलं आणि वाटेत सरासरी ८० नॉटचा मागचा वारा असला, तर विमान तेवढ्या वेळात ३३ नॉटिकल मैल जास्त पुढे सरकतं. म्हणून खाली यायला तेवढं आधी सुरुवात करावी लागते. उशीर झाला की एअरब्रेक उघडावे लागतात. धावपट्टीवर तर वारा समोरूनच हवा. मागचा वारा साधारण १० ते १५ नॉटच्या वर गेला की उतरायची परवानगीच नसते. सियाराच्या वेळी खाली वाऱ्याने एवढा धुमाकूळ घातला होता की ब्रिटनमध्ये अनेक उड्डाणं रद्द झाली. तासाभराहून आधी पोचलात तरी फायदा होतोच असं नाही. हीथ्रोला पहाटेच्या उतरणाऱ्या विमानांवर मर्यादा आहे, गेट रिकामं असेलच असं नाही, आणि बोव्हिंगडन, लॅम्बोर्न, ऑकम, बिगिन या चार ठिकाणी घिरट्या घालत थांबावं लागू शकतं.

हा वारा माणसाला कळला कसा, हेही थोडक्यात सांगतो. जपानमध्ये तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून आणि दुर्बिणीने त्यांचा माग काढून हिवाळ्यातला प्रचंड पश्चिमी वारा मोजला. जगाने वाचावं म्हणून त्यांनी १९२६ चा अहवाल एस्परांतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, आणि नेमकं त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही. १९४४ मध्ये जपानवर उंचावरून येणाऱ्या अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमानांना तो वारा अंगावर घ्यावा लागला. प्रवासी विमानांच्या कामाला तो लागला नोव्हेंबर १९५२ मध्ये. अमेरिकेच्या पॅन अॅम कंपनीने टोकियोहून होनोलुलूला जाताना मुद्दाम त्यात शिरून १८ तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आणला.

आपल्या डोक्यावरही जेट आहेच. हिवाळ्यात उपोष्ण पट्ट्यातला पश्चिमी जेट उत्तर भारतावरून वाहतो. मुंबईहून लंडनला जाताना लागणारा वेळ आणि परत येतानाचा वेळ यांत फरक पडतो तो अशाच पश्चिमी वाऱ्यांमुळे. आणि पावसाळ्यात दख्खनच्या वर, साधारण १४ किलोमीटर उंचीवर, उलट दिशेचा म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट असतो. भारतीय हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. जुलैत खाली कोकणात नैर्ऋत्येचा वारा पाऊस आणत असतो, आणि त्याच वेळी वर वारा थेट अरबी समुद्राकडे धावत असतो.

पुढच्या प्रवासात हा वारा तुम्ही स्वतः मोजू शकता. पडद्यावर बाहेरचं तापमान आणि ग्राउंड स्पीड दोन्ही असतात. विमान पूर्ण उंचीवर स्थिरावलं की बघा. बोइंग ७७७, ७८७ किंवा ए३५० मध्ये असाल तर उणे ५५ अंशांना एअरस्पीड ९०६ धरा, उणे ४५ ला ९२६, उणे ६५ ला ८८५. तो ग्राउंड स्पीडमधून वजा करा. उत्तर अधिक आलं तर तेवढा वारा मागून, उणे आलं तर समोरून. आडवा वारा यात धरला जात नाही, शिवाय वैमानिकाने मॅक ०.८३ ठेवला असेल तर वीसएक किलोमीटरची चूक येईल. ए३२० किंवा ७३७ असेल तर ती विमानं मॅक ०.७८ च्या आसपास उडतात, तेव्हा उणे ५५ ला ८३० धरा.